कापलेल्या पायाचं काय करतात?

बेन, सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका हॉस्पिटलात समाजसेवा विभाग आता मी बघते. खोली लहान आहे, पण तिला खिडकी आहे, आणि दाराबाहेर नातेवाइकांना बसायला बाक आहे. तुमच्या खोलीला खिडकी नव्हती. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा यातलं काही तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. म्हणून आधी एवढं सांगून टाकते की माझं बरं चाललंय, मला हे काम येतं, आणि येतं हे मला ठाऊक आहे. चांगलं काम करणाऱ्या माणसाने उगाच लाजत राहिलेलं तुम्हाला खपायचं नाही.

एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षी कॉलेजने मला फील्डवर्कसाठी तुमच्या हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात तुमच्याकडे पाठवलं, तेव्हाही मी काही घाबरलेली नव्हते. उधन्याच्या आमच्या गल्लीतून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी. वडील लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कारागीर, आई घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची, आणि मी मराठी शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं आणायची. बोलून कुणालाही पटवता येतं अशी माझी खात्रीच होती. तुम्ही पहिल्या दिवशी चष्म्यावरून बघत विचारलंत, "भाषा किती येतात?" मी म्हटलं, घरी अहिराणी, शाळेची मराठी, रस्त्यावरची हिंदी आणि कॉलेजात शिकलेली गुजराती. "सरस," तुम्ही म्हणालात, गुजरातीतलं सरस, म्हणजे छान. "आणि गप्प बसता येतं?" मला तो विनोद वाटला. मी हसले, तुम्ही हसला नाहीत.

दुपारी आपण दोघी तुमच्या त्या कोंदट खोलीत डबे उघडायचो. तुमच्या डब्यात ढेबरं आणि छुंदा, माझ्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. एकदा तुम्ही हट्टाने ठेचा घेतलात, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी दुसरा घास घेत म्हणालात, "तुझी आई रोज एवढी चिडलेली असते का?" मी घरी सांगितलं तर आई खूश झाली. पुढच्या खेपेला तिने तुमच्यासाठी वेगळा, कमी मिरचीचा ठेचा पाठवला. त्याला तुम्ही नावं ठेवलीत. म्हणालात, पहिला खरा होता.

मग ते काका आले. अमळनेरकडचे, उधन्यातच राहणारे, उभं आयुष्य लूमवर गेलेलं. साखरेचा आजार, त्यात पायाला लोखंडी पट्टी लागलेली, आणि जखम अंगावर काढल्यामुळे पाऊल काळं पडलेलं. वॉर्डात शिरलं की वास यायचा. सर्जन म्हणाले, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, नाहीतर विष अंगात चढेल आणि माणूस जाईल. काका नाही म्हणाले. एकदा नाही, डॉक्टरांच्या प्रत्येक फेरीला नाही. बायको पायथ्याशी बसून राहायची, धाकटा भाऊ कामाला दांडी मारून दारात उभा असायचा, दोघंही विनवून थकलेले. सर्जनने तुम्हाला निरोप पाठवला की त्याला समजवा. तुम्ही मला म्हणालात, "जा, तुझ्या गावचा माणूस आहे."

मी गेले आणि बोलले. फार चांगलं बोलले, आजही तसंच म्हणेन. विष कसं चढतं, जयपूर फूट लावून लोक कसे चालतात, बायकोचं पुढे काय होईल, सगळं ओळीने सांगितलं, आणि शुद्ध मराठीत सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "मरी गऊ तरी चाली," ते म्हणाले. "पाय कापू देवाव नही."

मी तुमच्यासमोर येऊन उभी राहिले आणि सांगितलं की पेशंट सहकार्य करत नाही. तुम्ही पेन खाली ठेवलंत.

"का नाही म्हणतो?"

"घाबरलेत."

"कशाला?"

मी केसपेपर उलटून बघितले.

"ऑपरेशनला? दुखण्याला? नोकरी जाईल म्हणून? की आणखी कशाला?" तुमचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागलं. "डॉक्टरांनी सांगितलं तेच तू सांगून आलीस. फक्त पांढरा कोट नव्हता. मग त्यांनी आपल्याला का बोलवायचं? पहेलां सांभळ, दीकरी."

मला राग आला होता. मी एक शब्दही खोटा बोलले नव्हते. जिन्यावर उभी राहून मी तुमचं वाक्य मनात घोळवत राहिले. आधी ऐक, मुली. गुजरातीत सांभळ म्हणजे ऐक. सुरतेत वाढलेल्या मुलीला ते कळतंच. पण घरात मराठी असली की तो शब्द कानावर पडताना आधी सांभाळ असाच पडतो, आणि मग आपण तो दुरुस्त करून घेतो. त्या दिवशी मी तो दुरुस्त केला नाही. तशीच परत वॉर्डात गेले.

स्टूल ओढलं आणि बसले. काही बोलले नाही. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात माझी जीभ शिवशिवत होती. काकूंनी मला बिस्किट दिलं, मी खाल्लं. शेजारच्या खाटेवर कुणाचं तरी सलाईन संपलं, नर्स येऊन बदलून गेली. बऱ्याच वेळाने मी अहिराणीत, आमच्या घरी बोलतात तसं, एवढंच विचारलं की काका, गावाकडे कोण कोण आहे. ते शेतातल्या विहिरीबद्दल बोलले, थोरल्या बहिणीबद्दल बोलले, आणि मग एकदम माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "माय, एक इचारू? कापेल पायनं काय करतस?"

मला आधी कळलंच नाही. ते पुन्हा म्हणाले. हा पाय कापला की तो कुठे जातो? कोण उचलतो? "कुत्रासले टाकी देतस का?"

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते ज्या खात्यात होते, तिथे शेजारच्या लूमवर काम करणाऱ्या दोस्ताची बोटं मशिनात गेली. माणसाला सगळ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. परत येऊन बघतात तर झाडणाऱ्याने जमीन साफ केलेली, सुताच्या कचऱ्याबरोबर बोटंही लोटून दिलेली, आणि कचऱ्याचा ढीग उकिरड्यावर. दोस्त बरा झाला, पण वर्षानुवर्षं विचारत राहिला की माझी बोटं कुठे गेली रे. काका म्हणाले, मरायचं तर अख्खं मरू, निदान सगळं एका जागी जळेल. हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. ती तोंडाला पदर लावून ऐकत होती.

मी धावत तुमच्याकडे आले. तुम्ही सगळं ऐकलंत. मग म्हणालात, "मला माहीत नाही. इतकी वर्षं इथे आहे, हे मला कुणी विचारलंच नाही." आणि चपला शोधायला लागलात. "चल, विचारून येऊ."

तुमचे गुडघे दुखायचे, तरी तुम्ही लिफ्टची वाट बघितली नाहीत. पदर खोचून तुम्ही पुढे, मी मागे. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या, पिवळ्या पिशवीत घालून खाली पाठवतो, पुढचं खाली विचारा. खाली इमारतीच्या मागे कुलूपबंद खोली, तिथल्या माणसाने सांगितलं की रोज गाडी येते, शहराबाहेर भट्टी आहे, तिथे जाळतात. "दुसऱ्या कचऱ्याबरोबर?" तुम्ही विचारलंत. तो म्हणाला, हो, सगळं बरोबरच. घरच्यांना पाय ताब्यात घेता येतो का, हे त्याला माहीत नव्हतं. ते आपण वरच्या ऑफिसात जाऊन विचारलं. तिथल्या साहेबांनी आधी आपल्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघितलं, मग म्हणाले की नातेवाइकाने अर्ज केला तर देता येतो.

जिन्यात सर्जन भेटले. ते खरोखरच वैतागले होते, आणि त्यांचंही चूक नव्हतं. काकांचा ताप चढत होता. "बेन, इकडे पेशंट मरायला टेकलाय आणि तुम्ही पायाची अंत्ययात्रा ठरवताय?" तुम्ही धापा टाकत होतात, पण आवाज शांत होता. "साहेब, उद्या सकाळी थिएटर तयार ठेवा. तो हो म्हणेल." अजून त्याला आपण काही सांगितलंसुद्धा नव्हतं.

वॉर्डात तुम्ही बोलला नाहीत, मला बोलायला लावलंत. मी अहिराणीत दोन्ही सांगितलं. काही केलं नाही तर पिवळी पिशवी आणि भट्टी, आणि अर्ज केला तर भावाच्या हातात. काही लपवलं नाही. काकांनी डोळे मिटले. तेवढ्यात काकूंनी, अगदी गंभीरपणे, विचारलं की पायाचं सुतक धरावं लागेल का. मी तुम्हाला गुजरातीत सांगितलं, तुम्ही तोंडावर हात धरलात, पण हसू सुटलंच, आणि मग काकाही हसायला लागले, त्या तापात, खाट हलेपर्यंत. "सुतक कसानं," ते म्हणाले, "मी जित्ता शे ना." भावाला जवळ बोलावून त्यांनी बजावलं की जाळायचा नाही, पुरायचा, तापीकाठच्या स्मशानात, नीट खोल खड्डा करून. जाळायचं ते पुढे, मी सगळा जाईन तेव्हा. मग त्यांनी सही केली.

पाय मात्र गुडघ्याच्या वर कापावा लागला. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, थोडं आधी मानला असता तर गुडघा वाचला असता. त्या संध्याकाळी मी तुमच्या खोलीत गप्प बसले होते, आणि या वेळी ते मला सहज जमत होतं. तुम्ही माझी समजूत घातली नाहीत. म्हणालात, "त्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारायला हवं होतं. पुढच्या माणसाला पहिल्या दिवशी विचार." आणि माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवलात.

शुद्धीवर आल्यावर काकांचा पहिला प्रश्न भावाला होता. भावाने सांगितलं, मीठ घालून पुरला, वर दगड ठेवला, नारळ फोडला. काका झोपले. पुढे ते जगले, बेन, चांगले जगले. उभ्याने लूम चालवणं संपलं, तर बसून बॉबिन भरायला लागले. वर्षा-दोन वर्षांनी उधन्याच्या भाजी बाजारात कुबड्या टेकत वांगी निवडताना मला दिसले. भाजीवालीशी भाव करताना त्यांचा आवाज वॉर्डातल्यापेक्षा दुप्पट होता. मला ओळखलं, आणि ती मोठी बाई बरी आहे का म्हणून विचारलं. तुम्ही तेव्हा निवृत्त झाला होतात. मी म्हटलं, बरी आहे.

आता माझ्याकडे विद्यार्थी येतात. तुमच्यापेक्षा मी जरा मऊ आहे, त्यांना चहा देते. मराठवाड्याकडची एक मुलगी आहे सध्या, वडील कडोदऱ्याला बांधकामावर. ती आली की वॉर्ड उजळतो, आणि बोलत सुटली की थांबत नाही. तिला मी अजून काही म्हटलेलं नाही. पेशंटने नाही म्हटलं की माझ्या विभागात आता कुणी समजवायला जात नाही, आधी बसायला जातो. ऑपरेशनच्या आधी आम्ही प्रत्येकाला विचारतो की तुम्हाला असं काही विचारायचंय का, जे कुणाला विचारता आलं नाही. लोक काय काय विचारतात. एका बाईने विचारलं, भूल दिल्यावर मी झोपेत नवऱ्याबद्दल काही बोलले तर तुम्ही त्याला सांगाल का. एका आजोबांना जानवं काढायचं नव्हतं. बहुतेकांची उत्तरं एका वाक्यात संपतात, आणि माणूस हलका होऊन आत जातो. नवे डॉक्टरसुद्धा आता मला विचारतात, यांच्याशी बोललात का. हे मी उभं केलंय. कुणी दिलं नाही.

हे सगळं मराठीत लिहिलंय. तुम्हाला मराठी बोललेली थोडीफार कळायची, वाचता यायची नाही. गुजरातीत सुरुवात केली होती, पण तिच्यात मी तुमच्यासमोर उभी असल्यासारखी होते, आणि मला आज बसून बोलायचं होतं. कुठे पाठवायचं हा प्रश्न नाहीच. पानं ड्रॉवरमध्ये राहतील, किंवा नाही राहणार.

एक मात्र कबूल करते. हल्ली कधीकधी मला वाटतं की या कामात मी तुमच्या पुढे गेलेय. फार नाही, थोडीशीच. आणि बेन, हे सांगून टाकावं आणि समोरच्या माणसाने "सरस" म्हणावं, असं तुमच्याशिवाय मला दुसरं कुणीच नाही.