कुंपणाबाहेरची सफाई

मोहटोला, ता. कोरपना
८ जून २०२५

चि. राजदीप यास,
तुझ्या थोरल्या बहिणीचा, बाईचा, जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

फोनच केला असता, पण सूनबाई सारखी जवळपास असते आणि सांगायचं ते तिच्याबद्दलच आहे. उद्या शेजारचा भैयाजी सिरोंच्याला येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देते.

आनंदाचं आधी. बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची जमीन सरकारी निधीतून साफ होते आहे. विषारी माती खोदून झाकलेल्या ट्रकांतून नेतात. पुढे तिथे कापसाचं गोदाम होणार. आपल्या कुलदीपला तिथेच काम लागलं, त्यामुळे लेकाची स्वारी सध्या खुशीत आहे.

आता काळजीचं. ग्रामसभेत सफाईच्या कामावरच्या इंजिनिअर बाईंनी सांगितलं, की तिथल्या पांढऱ्या गाळात शिसं आहे, हात लावू नका. गेल्या वर्षी कुंपण पडलं तेव्हा आम्हा बायकांना तो गाळ पांढरी मातीच वाटला होता. धम्मचक्र दिनाआधी घर पोतारायचं म्हणून आमच्या गल्लीने घमेली भरभरून आणला. भिंती अशा उजळल्या, की तूही कौतुक केलं होतंस.

आणि सूनबाईला, संघप्रियाला, पाचवा महिना आहे. तिला मातीचे डोहाळे लागलेत. काल ती स्वयंपाकघरातली भिंत नखाने खरवडून खाताना दिसली. मी हात धरला, पण कारण सांगवलं नाही. सांगावं तर पोर धास्तावेल, आणि गाळ घरात आहे हे बाहेर पडून आमच्यापायी काम थांबलं तर गाव तोंडात शेण घालेल. मला काही सुचत नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी बाई

सिरोंचा
९ जून २०२५

ती. बाईस,
राजदीपचा सविनय जय भीम. वि. वि.

भैयाजीला चहाही न विचारता बसवून ठेवलंय आणि हे लिहितो आहे.

आजच संघप्रियाला सगळं सांग. चंद्रपूरला नेऊन रक्त तपासा आणि भिंती साफ होईस्तोवर तिला माहेरी ठेवा. मग कामावरच्या इंजिनिअर बाईंना घरात बोलावून भिंती दाखव. निधी कारखान्याच्या जागेसाठी आहे असं कोणी म्हणालं, तर सांग, की गाळाने कुंपण ओलांडलं, मग सफाईनेही ओलांडावं.

गाव काय म्हणेल याची भीती तुला कधीपासून वाटायला लागली? मला शाळेत घालायला तू अख्ख्या टोल्याशी भांडली होतीस. आणि भिंतींचं ते कौतुक मी परत घेतो.

हे वाचून रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा राजदीप

मोहटोला
२ नोव्हेंबर २०२५

चि. राजदीप यास,
बाईचा जय भीम आणि आशीर्वाद.

मुलगी झाल्याचं फोनवर कळलंच आहे. तरी सगळं नीट लिहावंसं वाटलं.

मी सांगितलं तेव्हा संघप्रिया रडली नाही. काऊन लपवलं म्हणून दोन दिवस बोलली मात्र नाही. रक्तात शिसं निघालं, पण वेळेत कळलं, असं डॉक्टर म्हणाले. माहेरी गेल्यावर पुढच्या प्रत्येक तपासणीत ते उतरत गेलं.

इंजिनिअर बाई आल्या तेव्हा गल्ली दारं लावून बसली होती. मी एकटी भिंत दाखवत होते. तेवढ्यात शेजारची झिंगूबाई बाहेर आली आणि म्हणाली, की आता माह्याही घरी चला. मग एकेक दार उघडलं. मंजुरी यायला पावसाळा गेला. तोवर लेकराबाळांची घरं विहारात राहायला गेली आणि मी सरकारला मनसोक्त बोल लावून घेतले. पण मंजुरी आली. मास्क लावलेल्या माणसांनी भिंती ओल्या करून खरवडल्या, गाळ पिशव्यांत बांधून नेला, नवा गिलावा करून दिला. गल्लीतल्या सगळ्या पोरांचं रक्तही तपासलं.

काल बाळाचा रिपोर्ट आला. काही दोष नाही. संघप्रियाने कुलदीपकडून तो पुन्हा पुन्हा वाचून घेतला, आणि मग इतक्या महिन्यांचं रडून घेतलं. मीही रडले.

मी इंजिनिअर बाईंचे पाय धरायला गेले, तर त्या मागे सरल्या. म्हणाल्या, की पैसा माझा नाही, लोकांच्या कराचा आहे. तेव्हापासून मनात तेच घोळतंय. मोहटोला कुठी आहे हेही ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी माझी नात सांभाळली. त्यांना मी कुठे गाठू? तुझ्या पगारातून दर महिन्याला कर कापतात, असं तू म्हणतोस. त्या सगळ्यांतलं तुझं एकट्याचं दार मला माहीत आहे. म्हणून राजदीप, त्या सगळ्यांचे आभार मी तुझ्यापाशीच मानते.

नातीला बघायला लवकर ये.
तुझी बाई