तीन पाकिटं आणि टवक्याचा कप

४ मार्च, सोमवार
टेंडरमधली लबाडी ओळखण्याचं ट्रेनिंग संपलं. सगळ्यात जास्त प्रश्न मीच विचारले. धोक्याच्या खुणांची यादी ऑफिसात टेबलाच्या काचेखाली लावली. संकल्प : आता माझ्या नजरेतून एकही पाकीट सुटणार नाही. मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मीटिंगमध्ये आहे.

१० मार्च, रविवार, दुपारी ४
रंगाचे ठेकेदार घरी आले. ऑफिस रंगवण्याचं टेंडर भरणार आहेत. माणूस फार साधा. बुद्धिबळाचे दोन डाव झाले. ही गेल्यापासून पट उघडलाच नव्हता. दोन्ही मी जिंकलो. चौदाव्या चालीलाच वजीर मारला! हात अजून शाबूत आहे.

१७ मार्च, रविवार
ठेकेदार पुन्हा. सोबत तीन कंपन्यांचे फॉर्म. बाकी दोघांना भरता येत नाहीत म्हणे, म्हणून हेच भरून देतात. प्रतिस्पर्ध्यासाठी आजकाल एवढं कोण करतं? चहा केला. डाव जिंकलो. पाकिटं मीच चिकटवली. सावकाश, म्हणजे ते जरा जास्त बसतील.

२२ मार्च
पाकिटं उघडली. काम आमच्या ठेकेदारांना. यादीशी ताडून पाहिलं. तिन्ही फॉर्मवर अक्षर एकच आहे, पण ते का, हे मला माहीत असल्यामुळे संशयाचा प्रश्नच येत नाही.

३१ मार्च, रविवार
आले नाहीत. कामाच्या गडबडीत असणार. दोन्ही बाजूंनी मीच खेळलो. हरलो.

७ एप्रिल, रविवार
आले नाहीत. फोनही उचलत नाहीत. रेंज नसेल.

१२ एप्रिल
चौकशीला बाई आल्या. तिन्ही फॉर्मवर चहाच्या कपाचा गोल डाग, आणि तिन्ही डागांत एकाच जागी खाच. ही खूण यादीत नव्हती, मी मनापासून कौतुक केलं. मग आठवलं, बुडाचा टवका उडालेला कप आपल्याकडेच आहे. बाईंनी विचारलं, ठेकेदार तुमचे कोण? मान ताठ ठेवून सांगितलं, मित्र.

१९ एप्रिल
सस्पेंड. सोबत ठेकेदारांच्या जबाबाची प्रत. या गृहस्थांना मी ओळखत नाही, असं लिहिलंय. वकिलानं लिहायला लावलं असेल.

२१ एप्रिल, रविवार, दुपारी ४
पट मांडला. टवक्याचा कप पुराव्यात गेला, म्हणून पाहुण्यांचे दोन काढले.

संध्याकाळी ६
एकच कप घासला.
त्या पहिल्या रविवारी वजीर त्यांनी मुद्दाम दिला होता. तेव्हाच कळलं होतं मला. बोललो असतो, तर पुढच्या रविवारी ते आले नसते.