गाठीचं कवच

२१ जानेवारी १९७९, नागपूर

'कामठीच्या विडी कामगार बायांनो! तुम्ही वळलेल्या विड्यांतून कारखानदार मूठ-मूठ छाट म्हणून बाजूला काढतो. छाटेची मजुरी देत नाही—आणि बाजारात विकतो मात्र तीही!' आज इथपर्यंत आले, टाळ्या पडल्या, मी पाण्याचा घोट घेतला. समोर बसलेली तुळसाबाई माझ्या गळ्याकडे टक लावून पाहत होती.

सभा सुटल्यावर जवळ आली. "ताई, घोट घेतला का तुमच्या गळ्यात काहीतरी वर-खाली होते जी. सुपारीवानी."

"इतक्या वर्षांच्या घोषणा अडकल्या असतील तिथं!" युनियनचा चिटणीस रुपराव म्हणाला. सगळ्या हसल्या. मीही हसले.

घरी आरशासमोर उभी राहून पाणी प्याले. खरंच आहे! उजव्या बाजूला. वर जाते, खाली येते.

२२ जानेवारी

दुखत नाही. म्हणूनच भीती वाटते. दुखणाऱ्या गोष्टीशी भांडता तरी येतं.

३० जानेवारी

डॉ. वझलवारांकडे गेले. शस्त्रक्रियेतले जाणकार, बोलणं कमी. मागे उभे राहून गळा चाचपत होते—"गिळा. अजून एकदा गिळा." मग कागदावर चित्र काढून दिलं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत बारीक बारीक पिशव्या असतात. पिशवीच्या भिंतीत पेशींची एक रांग. त्यातली एखादी पेशी ताळतंत्र सोडते, वाढतच सुटते. दोनाच्या चार, चाराच्या आठ. भोवती कवच तयार होतं. गाठ त्या कवचाच्या आत राहिली तर साधी. पेशींनी कवच फोडलं, रक्तवाहिनीत शिरल्या, तर कॅन्सर.

"मग सुई घालून बघा ना!"

"सुईत पेशी येतात, कवच येत नाही. आणि साध्या गाठीत काय, कॅन्सरात काय, पेशी सारख्याच दिसतात. अख्खी गाठ काढून तिची कड तपासावी लागते."

म्हणजे आतला माल बघून कळत नाही. कुंपण ओलांडलं की नाही, एवढ्यावर माझा निकाल!

शेवटी सांगितलं ते वेगळंच. ग्रंथीच्या मागून दोन्ही बाजूंनी आवाजाची एकेक नस जाते. धक्का लागला तर आवाज जाऊ शकतो.

कॅन्सर शब्दाला मी एवढी दचकले नव्हते.

९ फेब्रुवारी

उद्या भरती व्हायचं. मधुकररावांना म्हटलं, माझा आवाज गेला तर घरात शांतता होईल तुम्हाला. म्हणाले, "शांतता घेऊन काय करू? भांडायले मानूस लागते घरात." लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी हात धरला नव्हता. आज धरला.

१८ फेब्रुवारी

आवाज फाटका आहे. पण आहे! उजवी बाजू काढली. नस वाचली.

१२ मार्च

रिपोर्ट आला. कवच फुटलेलं आहे. एका रक्तवाहिनीत पेशी सापडल्या.

आयुष्यभर वाचलं—इतिहास, कायदा, अर्थशास्त्र. आज वझलवारांच्या टेबलावरचं जाड पुस्तक हिसकावल्यासारखं ओढून घेतलं. या जातीच्या पेशी रक्तातून दूर जातात. फुफ्फुसात, हाडात जाऊन बसतात. आणि तिथे जाऊनही पुन्हा त्याच पिशव्या बांधतात! बरगडीत बसून गळ्याचा धंदा. वर्षानुवर्षं गुपचूप.

कुठल्या शत्रूवर बोलू? माझ्याच पेशी, माझ्याच रक्ताच्या वाटेनं.

१३ मार्च

पाठ दुखली. खोकला आला. गुडघा वाजला. प्रत्येक ठिकाणी तीच पेशी जाऊन बसली आहे असं वाटतं.

२० मार्च

उपाय आहे म्हणाले. पळून गेलेल्या पेशींची जुनी सवय सुटत नाही—थायरॉइडसारखं आयोडीन पितात. मुंबईला किरणांचं आयोडीन पाजतात, ते त्यांच्यापर्यंत जाऊन त्यांना जाळतं. पण गळ्यात डावी बाजू शिल्लक आहे तोवर तीच सगळं पिऊन टाकते. म्हणून तीही काढायची. पुन्हा ऑपरेशन. पुन्हा नस!

"आणि दोन्ही नसा दुखावल्या तर?"

"आवाज जाईलच. श्वासासाठी गळ्याला भोकही पाडावं लागेल." मग म्हणाले, "नसेजवळची ग्रंथीची पातळ चकती ठेवता येईल. नसेला धोका कमी. पण आयोडीनचा मारा तेवढा अर्धवट होईल."

"ठेवा," मी लगेच म्हटलं. छातीचा फोटो काढून आणा म्हणाले. मी चिठ्ठी पर्समध्ये घातली.

२ एप्रिल

रुपराव आला होता. "ताई, एक मेची सभा होऊ द्या, मंग ऑपरेशन करा. तुमच्याबिगर कोन ऐकते आमचं?" हो म्हटलं. किती आनंदानं हो म्हटलं! फोटोही मागे पडला.

१ मे

छाटेवर बोलायला उभी राहिले आणि तोंडून आजारच निघाला. कवच, रक्त, आयोडीन, नस—सगळं सांगून टाकलं. म्हटलं, तुमच्यासाठी थांबले आहे.

तुळसाबाई उभी राहिली. "आमच्या नावावर काहून थांबता जी? आमी सांगतलं थांबा म्हनून? उतरा खाली! जा दवाखान्यात!"

"उतरा! उतरा!" बाया ओरडू लागल्या. मला! माझ्याच सभेत!

उतरले. तुळसाबाई माईकवर गेली. अडखळत बोलली, मालकाची नक्कल केली, दोन शिव्या हासडल्या. बाया पोट धरून हसल्या, मग मुठी वर गेल्या. सभा दणक्यात झाली.

मला राग आला. रात्रीपर्यंत टिकला. माझ्यावाचून अडेल, हीच माझी समजूत होती. अडलं नाही.

४ मे

छातीचा फोटो आला. डाव्या फुफ्फुसात तीन ठिपके, ज्वारीच्या दाण्याएवढे.

वझलवार फोटो उजेडासमोर धरून पाहत होते. मीच बोलले. आवाज कापला नाही.

"डॉक्टर, ती चकती ठेवू नका. सगळी काढा."