ताठरपणाची गोळी

७ जानेवारी, मंगळवार

लिफ्ट आहे म्हणे! आहे ना — चार पायऱ्या चढून गेलं की आहे. कोथरूडच्या या व्यायामाच्या स्टुडिओवर 'सर्वांसाठी पिलाटीस' असा भला मोठा बोर्ड लावलाय, आणि खाली व्हीलचेअर उचलायला वॉचमनला हाका मारायच्या. मालकीणबाई उत्कर्षा, वय एकोणतीस. "सुरय्यामॅम, तुम्ही इतक्या इन्स्पायरिंग आहात ना!" पोलिओचा डावा पाय घेऊन मी पन्नास वर्षं चालतेय, त्यात हिला काय दिसलं कोण जाणे. बिबवेवाडीहून इथवर ट्रॅफिकमधून तीनचाकी स्कूटर हाणत येते, त्याचं कौतुक केलं असतं तर समजलं असतं.

पण नोकरी घेतली. अपंगांची बॅच मी शिकवणार. मला येतं, तिला येत नाही. एवढं सरळ आहे.

९ जानेवारी

उत्कर्षाने मुंबईहून ट्रेनर बोलावली होती, आम्हा शिकवणाऱ्यांना शिकवायला. सगळ्यांना उभं केलं आणि — "गुडघा लॉक करू नका! सॉफ्ट, सॉफ्ट!" माझ्यापाशी आली ती थेट गुडघ्याला हातच लावला. अहो बाई, या पायात जोर नाही. गुडघा मागे अडकवते म्हणून उभी आहे. सोडला तर तुमच्या अंगावर येईन! तसं सांगितलंही. हसली. वहीत काहीतरी लिहिलं.

एकदा विचारायचं तरी, तुम्ही उभ्या कशा राहता म्हणून. पण यांना कोर्समध्ये तोंड चालवायलाच शिकवतात.

१४ जानेवारी

संक्रांत. उत्कर्षाने बॅचला तिळगूळ वाटतानाचा व्हिडिओ काढला. तीनदा. पहिल्या दोन वेळी आम्ही पुरेसे आनंदी दिसलो नाही.

१६ जानेवारी

नवीन बाई आल्या. विमलाबाई — साठीच्या, मूळच्या यवतमाळकडच्या. मुलगा आनंद आयटीत, तोच गाडीने सोडून जातो. मणक्याचा टीबी झाला होता. तो बरा झाला, पाय मात्र फळीसारखे ताठ राहिले. मॅटवर निजवून गुडघा वाकवायला गेले, तर अख्खी बाईच वर येते!

"काय जमायला हवंय तुम्हाला?" विचारलं.

"काही नाही जी. दिवसभर घरी एकटीच असतो. ओट्याशी उभी राहतो, बाथरूमला जातो, माहं मीच करतो. तेवढं राहू द्या."

तेवढं राहू द्या म्हणे! लोक मागतात तेही किती कंजूषपणे.

२१ जानेवारी

सापडलं! डॉक्टरांनी ताठरपणा कमी व्हायची गोळी लिहून दिलीये आणि बाई ती घेतच नाहीत. पाकीट डब्यात पडून. का? "गोळी घेतली का पाय माहे राहत नाहीत जी." काय एकेक कारणं! आळस आहे असं सरळ सांगावं. सगळ्यांसमोर झापलं. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ घ्यायची, मी आनंदला फोन करून विचारणार. मान खाली घालून हो म्हणाल्या.

३० जानेवारी

गुडघा छातीला लागला!! विमलाबाईंचा! नऊ दिवसांत! उत्कर्षा मोबाईल घेऊन धावली. आज काढू दिला व्हिडिओ. बघू दे त्या मुंबईवालीला, शिकवणं कशाला म्हणतात ते. अभिमान वाटला, इथे कशाला लपवू.

न्यायला आलेला आनंद म्हणाला, आई हल्ली भिंत धरून धरून चालते. म्हटलं, पाय मोकळे झालेत, सवय व्हायला वेळ लागतोच. घाबरू नका.

४ फेब्रुवारी

विमलाबाई आल्या नाहीत. व्हिडिओला दोन हजार लाईक. लोकांना सकाळी सकाळी बरं वाटायला आमचे पाय लागतात.

६ फेब्रुवारी

आजही नाहीत. फोन उचलत नाहीत. जरा कुठे जमायला लागलं की दांडी! चिकाटी म्हणून नाही कुणाला.

८ फेब्रुवारी

आनंदचा फोन.

सोमवारी दुपारी ओट्याशी उभ्या होत्या. पाय दुमडले. संध्याकाळी सात वाजता तो घरी येईपर्यंत फरशीवर पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर त्याला म्हणाले, त्या ताठरपणावरच तुमची आई उभी राहत होती. तो गेला, आणि खाली जोर असा काही नव्हताच.

तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडायला हवं होतं.

त्यांनी मला सांगितलं होतं. त्यांच्या शब्दांत, स्वच्छ सांगितलं होतं. आणि मी आळशी म्हटलं.

९ फेब्रुवारी

हॉस्पिटलमध्ये गेले. विमलाबाईंनीच माझा हात धरला. "त्या उत्कर्षानं सांगितलं असतं त घेतलीच नसती जी. तुमचा पाय पाह्यला अन् घेतली. म्हटलं, ताईले मालूम असन."