लाहूच्या नावावरची झोप

मसोली, डहाणू
रविवार, ३ डिसेंबर २०१७

प्रिय बाय,

आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही दोघं, पोरं आणि तुझ्या सासूचे गुडघे बरे असतील असं धरून चालतो. संगीताने तुझ्यासाठी सुकट काढून ठेवली आहे. फोनच केला असता, पण तुझा फोन लाहू उचलतो, आणि तू उचललास तर मला शेवटपर्यंत बोलू देत नाहीस. म्हणून कागद. एकटी असताना वाच.

दुकान चांगलं चाललंय. कैनाडच्या पाड्यावरून येऊन दवाखान्यात बेडपॅन धुणारा तुझा दादा आता ऑक्सिजनचे सिलिंडर, वॉकर आणि झोपेची मशीनं भाड्याने देतो, आणि लोक त्याला "रघूशेठ" म्हणतात. संगीता सोडून.

झोपेच्या मशीनची गंमत सांगतो. झोपेत ज्याचा गळा मिटून श्वास अडतो, त्याला मास्कमधून हवेचं प्रेशर द्यायचं, म्हणजे वाट उघडी राहते. मशीन सगळ्यांना तेच, पण माणसं किती तऱ्हेची! चिकूच्या वाडीवाले जतीनशेठ. पहिल्याच सकाळी फोन: "रघू, मजा आवी गई! वीस वर्षांनी नीट जागा झालो." जयश्रीबाई मास्तरीण मात्र रात्री एकच्या ठोक्याला मास्क भिरकावून द्यायच्या. गुदमरतं म्हणे. त्यांना दिवसा टीव्ही बघताना लावून बसायला सांगितलं. जावई बघून हसला, पण महिन्याने जमलं. आणि पोस्टातला मनिष. रोज इमानाने लावतो, मशीन सांगतं श्वास ठीक, तरी गडी शिक्के मारता मारता पेंगतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, याचं कारण दुसरीकडे आहे, आणि रक्त तपासायला पाठवलं.

मास्क कुठे गळतो ते मी नुसत्या शिट्टीवरून ओळखतो. नाकाशी गळला तर बारीक, हनुवटीशी गळला तर फुरफुर. कानावरच तर धंदा उभा केला.

आता लाहूचं.

तू मला विचारलं होतंस, "दादा, मशीन लावून महिना झाला, मग हा अजून जेवता जेवता का झोपतो?" मी म्हणालो, काहींना उशिरा गुण येतो. बाय, ते खोटं होतं.

लाहूने मशीन चार रात्री लावलं. पाचव्या दिवशी दुकानात आपटलं. "तोंडावर डुकराचं तोंड बांधल्यासारखं वाटतं. फरक काडीचा नाही. घे परत." मी म्हटलं, लेका, जीपवाल्या दिपकशेठला महिनाभराच्या वापराचा दाखला हवा, नाहीतर स्टिअरिंगला हात लावू देणार नाही. मशीनमधल्या कार्डावर रोजचे तास, अडलेले श्वास, गळती, सगळं उमटतं. तर तो हसून म्हणाला, "मशीन तुझं, कार्ड तुझं, नाक पण तुझंच लाव की. बहिणीचा संसार आहे."

लाहू आधी माझा दोस्त, मग तुझा नवरा. मी लावलं. सव्वीस रात्री. तेवढ्या रात्री तो दिपकशेठच्या शेडवर झोपायचा आणि तुला सांगायचा, मशीन तिथेच लावतो.

डॉक्टरबाईंनी कार्ड बघितलं आणि खूश. "पाचव्या रात्रीपासून काय सुधारला हा माणूस!" दाखला दिला. सुधारलो होतो मी. सकाळचं डोकं दुखायचं बंद झालं, दुपारी गल्ल्यावर डुलकी येईना. मशीन परत ठेवलं त्या रात्रीनंतर संगीता म्हणाली, "महिनाभर घरात शांतता होती, आता पुन्हा गिरण सुरू झाली. अख्ख्या गावाचं ऐकता, स्वतःचं ऐकू येत नाही?"

हेही मी हसण्यावारी नेलं. पण परवा भिकी सासऱ्याचा वॉकर परत द्यायला आली. तुम्हा बायकांना कंपनीत नेणाऱ्या जीपमधली गंमत म्हणून सांगत होती. "तुमची बायजा लाहूशेजारी बसून जाता-येता लग्नातली गाणी म्हणते, आम्हाला पण म्हणायला लावते. गाणी संपली तर माझ्या नवऱ्यावर रचून म्हटली!" मग वॉकर भिंतीला टेकवून म्हणाली, "बुधवारी अच्छाड नाक्याच्या अलीकडे गाता गाता तिने स्टिअरिंग ओढलं. बाजूने ट्रक गेला. मग कोणी गायलं नाही."

अकरा बायका, बाय. आणि तू पुढे बसलेली.

सगळ्यात वाईट ते शेवटी लिहितो. लाहूच्या चार रात्रींचं कार्ड मी तेव्हाच पाहिलं होतं. त्याचे श्वास अडतच होते, गळती भरमसाट. झोपेत त्याचं तोंड उघडतं आणि सगळं प्रेशर तोंडावाटे निघून जातं. गुण येणार कुठून? एवढंच कार्ड गेलं असतं तर डॉक्टरबाईंनी तेव्हाच मास्क बदलला असता. माझ्या चांगल्या रात्रींखाली त्याच्या वाईट रात्री मी गाडून टाकल्या.

काल डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. खूप बोलल्या. बोलायलाच हवं होतं. दाखला रद्द केला. दिपकशेठना मीच फोन केला. उद्यापासून जीपवर दुसरा ड्रायव्हर येईल. लाहूला ठाऊक नाही. मी आज दुपारी येतोय, तोंडावर सांगायला. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घेऊन येतो. चार-आठ दिवस तुमच्या ओटीवर झोपेन, फुरफुर झाली की उठून पट्टा आवळेन. त्याला गुण येईलच असं मी म्हणत नाही. या वेळी कार्ड त्याचं असेल, एवढंच.

तो शिव्या देईल. देऊ दे. बोलायचं बंद केलं तरी मी ओटीवरून हलणार नाही. तू मात्र मध्ये पडू नकोस, माझ्या बाजूने तर मुळीच नको. हे पत्र भिकीबरोबर आधी धाडतोय, कारण मी दारात येईन तेव्हा तुला सगळं माहीत असायला हवं.

तुझ्या नवऱ्याच्या नावावर महिनाभर निवांत झोपलेला,
तुझा दादा
रघुनाथ