लालासाहेबांच्या नावाआधी

॥ श्री महांकाली प्रसन्न ॥
कवठे महांकाळ, ४ जानेवारी १९७३

रा. रा. हंबीरराव पाहुणे यांसी नाथाजीचा रामराम, वि. वि.

तुमच्या धाकट्या भावाच्या, आमच्या जावईबापूंच्या स्मारकाच्या दगडाचा मजकूर पोचला. 'कै. कॅप्टन लालासाहेब, शौर्यपदक, मरणोत्तर.' कॅप्टन लिहा, पदक लिहा. मरणोत्तर हे सरकारचे, तेही लिहा. फक्त 'कै.' एवढे गाळावे. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा देह सापडला नाही. आमची सुला अजून कुंकू लावते. ती म्हणते, सरकारनं काय बी लिवावं, पर घरच्यांनी कै. लिवलं तर मला पुसावंच लागंल.

शाळू बरा आहे. तुमचा ऊस तुटला का? मुलीकडे पाहून लोभ ठेवावा.

आपला नाथाजी

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
उंब्रज, ११ जानेवारी १९७३

नाथाजीराव यांसी रामराम, वि. वि.

ऊस कारखान्यावर गेला. दगडही कोरून झाला. पाथरवटाला तुमचे म्हणणे सांगितले, तर तो म्हणाला, कोरल्यालं पुसत न्हाई मालक, कुंकू पुसतं. आम्ही लय हसलो. सव्वीस तारखेला दगडाच्या अनावरणाला एक निवृत्त कर्नलसाहेब येणार आहेत. मुलीला मोकळ्या कपाळाने आणावे. कुंकू लावून ती 'कै.'शेजारी बसली तर गाव आम्हाला हसेल. जमत नसेल तर आणू नये.

आईचे गुडघे दुखतात, बाकी क्षेम. राग नसावा.

हंबीरराव

उंब्रज, २८ जानेवारी १९७३

नाथाजीराव यांसी रामराम.

समारंभ झकास झाला. तुमची वाट पाहिली नाही. पुढच्या खुर्चीवर आईला बसवले. कर्नलसाहेबांनी पत्नी कुठे म्हणून विचारले. चारचौघांत काय सांगणार? लढाईच्या आधीच वारल्या, असे सांगून टाकले. साहेब भाषणातही तसेच बोलले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेव्हा आता तसेच राहू द्यावे, तिला इकडे पाठवू नये. तिची ट्रंक एस.टी.ने पाठवली आहे, उतरवून घ्यावी.

लोभ काय, कमी-जास्त होतोच.

हंबीरराव

॥ श्री महांकाली प्रसन्न ॥
कवठे महांकाळ, ३ फेब्रुवारी १९७३

रा. रा. हंबीरराव यांसी नाथाजीचा रामराम, वि. वि.

ट्रंक मिळाली. पत्रात काय आहे, असे सुलाने विचारले. देवापुढे बसलो होतो, खोटे बोलवेना. सगळे वाचून दाखवले. ती उठून आरशापुढे गेली आणि रोजच्याहून ठसठशीत कुंकू लावून आली. म्हणाली, आबा, भावजींस्नी लिवा, उपकार झालं. धन्याच्या आधी गेले म्हंजी कुंकवासकट गेले. आता पुसायचं कुणी?

आपण चारचौघांत सांगितलेच आहे, तर दगडावर खाली तिचेही नाव घालावे. आधी 'सौ.' लिहावे. पाथरवट तोच बोलवावा.

लोभाचे या खेपेस लिहीत नाही.

नाथाजी