बिनगळाची दोरी

स्पोकेन
६ मे २००७

ति. हाल्वरदादा यास इन्ग्रीडचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझं काय ते कळव. आर्लिसवहिनी गेल्यापासून तू एकच पालुपद लावलं आहेस, की यंदाचा पॅडलफिश मासा मिळू दे, मग घर बंद करून तुझ्याकडे येतो. वहिनी होती तेव्हा हंगामाच्या पहिल्याच दिवशी दोघं मासा घेऊन परतायचात. आता दोन हंगाम रिकामा हात? दादा, मला काय कुकुलं बाळ समजतोस? मागची खोली रंगवून घेतली आहे. डब्यातलं सूप पिऊन किती दिवस काढणार? यंदा मासा घे आणि नीघ.

माया आहे ती राहू दे.
तुझी इन्ग्रीड

ग्लेन्डाइव्ह
१६ मे २००७

चि. इन्ग्रीडला दादाचे अ. उ. आ.

हंगाम सुरू झाला. यलोस्टोन नदीला पाणी चढलंय, काठावर जत्रा भरली आहे. कॉफीवाली वांडा मला बघून म्हणाली, की हाल्वर आला म्हणजे मे महिना खरा. बरं वाटलं.

मासा अजून नाही. हा आमिष खात नाही, हे तुला ठाऊक आहे. गळ पाण्यातून नुसता ओढत राहायचा, अंगाला अडकला तर अडकला. नशिबाचा खेळ. धीर धर.

रागावू नकोस, एवढंच मागणं.
दादा

स्पोकेन
२१ मे २००७

ति. दादास सा. न. वि. वि.

वांडाचा फोन आला होता. बिचारी भीतभीत म्हणाली, की तुमचा भाऊ नुसतं शिशाचं वजन फेकतो, दोरीला गळच नसतो. सगळ्यांना माहीत आहे, कुणी तुला विचारत नाही इतकंच.

मी आधी चिडले. माझ्याकडे यायचं नाही म्हणून ही नाटकं, असं वाटलं आणि रडले. मग म्हटलं, आपणही कुठे खरं बोलतो? तू एकटा आहेस म्हणून बोलावते, असं लिहीत राहिले. तुझा मेहुणा कार्ल गेल्यापासून मीच रेडिओ चालू ठेवून झोपते. घरात कुणाचा तरी आवाज हवा म्हणून.

आता तू येऊ नकोस, मीच येते. मीही परवाना घेईन, तुझ्याशेजारी उभी राहीन, आणि माझ्याही दोरीला गळ लावू नकोस.

वाट बघ.
इन्ग्रीड

ग्लेन्डाइव्ह
२५ मे २००७

चि. इन्ग्रीडला अ. उ. आ.

तुझं पत्र आज हातात पडलं. हंगाम काल संपला. यंदाचे ठरलेले मासे भरले, तशी मत्स्य खात्याची माणसं मासेमारी बंदची पाटी लावून गेली. त्यांचं चुकलं नाही. या माशाला वाढायला माणसाइतकी वर्षं लागतात, आवर घातला नाही तर नदी रिकामी होईल.

तुला खरं सांगतो. माणशी वर्षाला एकच मासा. ज्या दिवशी मासा ठेवायची मुभा असते, त्या दिवशी गळाला लागला की सोडायचा नाही, तिथल्या तिथे त्याला परवान्यासोबत मिळालेला आपला बिल्ला अडकवायचा. बिल्ला गेला की तुझं वर्ष संपलं, पुन्हा दोरी टाकायची नाही. लोक पाठ थोपटतात, आणि जा म्हणतात घरी. आर्लिस होती तेव्हा घरी जायची घाई असायची. आता त्या काठावरच माझ्या नावाने कुणी हाक मारतं. म्हणून गळ काढून ठेवला. तुला फसवलं, त्याची लाज वाटते.

काल संध्याकाळी तंबू उठले, वांडाने टपरी आवरली. मी दोरी गुंडाळत उशिरापर्यंत तिथेच होतो. तू म्हणतेस तसं शेजारी उभं राहायला आता काही उरलं नाही. मासा नाही, माणसं नाहीत, परवाना पुढच्या वर्षी मिळेल.

तरी ये, इन्ग्रीड. मला फार एकटं वाटतं.

दादा